नृत्य आणि रंगमंच-निर्मितीचा शालेय वर्ग कसा चालवावा

बहुतेक शाळांना नृत्याची आठवण दिवाळीची सुट्टी संपल्यावर होते. स्नेहसंमेलनाची तारीख ठरते, बाहेरून नृत्यदिग्दर्शक बोलावला जातो, तो दोन आठवड्यांत आठ-दहा गाणी 'बसवून' देतो, मंडपवाला दिवे आणि भोंगे आणतो, पोशाख भाड्याने येतात आणि मुले ठरलेल्या वेळी रंगमंचावर जाऊन, पाठ केलेले हातवारे करून परत येतात. कार्यक्रम पार पडतो, पालक छायाचित्रे काढतात, पण त्या दोन आठवड्यांत मुले नेमके काय शिकली, असे विचारले तर उत्तर देणे कठीण जाते. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी नृत्य आणि रंगमंच-निर्मिती यांचा वर्षभराचा एकत्र वर्ग कसा आखावा, हे येथे अनुभवाच्या आधारे मांडले आहे. शाळेत मोठे नाट्यगृह नाही आणि कलेसाठी स्वतंत्र निधीही नाही, असेच गृहीत धरले आहे.

दोन्ही विषय एकत्र का, हा पहिला प्रश्न असतो. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. शाळेतले नृत्य सहसा आंगिकापाशीच, म्हणजे शरीराच्या हालचालींपाशीच, थांबते आणि वेश, रंगभूषा, नेपथ्य यांचा विचार करणारे आहार्य अंग बाहेरच्या माणसांवर सोपवले जाते. ते अंग मुलांच्या हाती द्यावयाचे असेल, तर वर्गाचा एकच नियम पुरेसा आहे: वर्षभरात प्रत्येक विद्यार्थी किमान एकदा रंगमंचावर येईल आणि किमान एकदा पडद्यामागची पूर्ण जबाबदारी घेईल. या नियमाला अपवाद करू नये. नृत्यात सर्वांत तरबेज असलेल्या मुलीला 'तिला कशाला उगाच सामान उचलायला लावता' म्हणून सूट मिळाली, की पडद्यामागचे काम ही कमी गुणवत्तेच्या मुलांची शिक्षा होऊन बसते आणि मग ते काम कोणीच मन लावून करत नाही.

वेळ, गट आणि जागा

महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला सुरू होते आणि स्नेहसंमेलन बहुधा डिसेंबरच्या उत्तरार्धात असते. गणपती, घटक चाचण्या, सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी वजा केली, तर हाती जेमतेम 20 आठवडे उरतात. आठवड्याला दोन सुट्या तासिका घेण्यापेक्षा एक जोडतासिका मागून घ्यावी, कारण 35 मिनिटांच्या तासिकेतील पहिली दहा मिनिटे बाके सरकवण्यात आणि कपडे बदलण्यातच जातात. मुख्याध्यापकांना हे पटवणे हाच या वर्गाचा पहिला प्रयोग असतो. त्या वेळी हाती 20 आठवड्यांचा लेखी आराखडा असेल, तर तो सहसा यशस्वी होतो.

एका वर्गात 32 मुले असतील, तर 16-16 चे दोन गट करावेत. एक गट नृत्याकडे आणि दुसरा निर्मितीकडे राहील, व दर चार आठवड्यांनी त्यांची अदलाबदल होईल. दोन गटांसाठी दोन शिक्षक लागतात, पण दुसरा शिक्षक नाटकातलाच असावा असे मुळीच नाही. चित्रकलेचे शिक्षक नेपथ्य पाहू शकतात आणि विजेचा भाग विज्ञानाच्या शिक्षकांइतका चांगला दुसरा कोणी शिकवू शकत नाही. दहावीच्या मुलांवर नोव्हेंबरनंतर मुख्य जबाबदारी ठेवू नये, कारण त्यांच्या पूर्वपरीक्षा जवळ आलेल्या असतात आणि ऐन वेळी त्यांना तालमीतून काढून घेतले जाते.

मध्यंतरी एक छोटे सादरीकरण ठेवावे. विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत केलेल्या नाट्यप्रयोगाच्या स्मरणार्थ 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन मानला जातो. तो दिवस पुष्कळदा सुट्टीत सापडतो, म्हणून सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यात, शाळेतल्याच दोन वर्गांसमोर, दिव्यांशिवाय आणि पोशाखांशिवाय हे सादरीकरण करावे. उघड्या जागेत जे नृत्य उभे राहत नाही, ते दिव्यांनीही उभे राहत नाही, हे मुलांना त्या दिवशी आपोआप कळते.

जागेच्या बाबतीत एकच आग्रह धरावा. शहाबादी फरशीवर किंवा काँक्रीटवर उड्यांचा सराव घेऊ नये. तेरा ते सोळा या वयात हाडांची वाढ वेगाने होत असते आणि कडक जमिनीवरच्या सततच्या आघाताने गुडघे व नडगी दुखू लागतात. लाकडी तळ नसेल, तर उड्या मैदानातल्या मातीवर घ्याव्यात आणि वर्गात केवळ पदन्यास करावा. सरावाच्या सुरुवातीला दहा मिनिटे चालणे, सांधे फिरवणे आणि हलके धावणे असावे, तर शरीर एका जागी ताणून धरण्याचे व्यायाम शेवटी घ्यावेत. दुखत असल्याचे किंवा आज जमणार नसल्याचे सांगणाऱ्या मुलीला कारण विचारत बसू नये. तिला त्या दिवशी ताल मोजण्याचे काम द्यावे.

नृत्याची सुरुवात तालापासून

पहिल्या दिवशी मुले गाणे मागतात. ते देऊ नये. पहिले तीन आठवडे केवळ टाळी, पाऊल आणि मोजणी यांचे असावेत: आठ मात्रांचा केहेरवा, सहा मात्रांचा दादरा आणि जमल्यास सोळा मात्रांचा तीनताल. आधी टाळी द्यावी, मग तोच ताल चालून दाखवावा, मग अर्ध्या गटाने दुप्पट लयीत आणि अर्ध्या गटाने मूळ लयीत चालावे. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सर्व जण एकदम थांबतात तो क्षण मुलांना फार आवडतो, आणि त्या एका आवडीवर पुढचे बरेच काम होऊन जाते.

त्यानंतर लेझीम घ्यावी. ती शाळेच्या क्रीडासाहित्याच्या कपाटात बहुधा असतेच, तिचा आवाज चुकलेले पाऊल लगेच उघडे पाडतो आणि नृत्याला लाजणारे मुलगेही लेझमीला लाजत नाहीत. रांग राखणे, शेजाऱ्याशी अंतर राखणे, बसून उठणे आणि दिशा बदलणे या चार गोष्टी लेझमीइतक्या स्वच्छपणे दुसरा कोणताही प्रकार शिकवत नाही. दिंडीची पावले आणि हातात रुमाल घेऊन ढोलाच्या ठेक्यावर केला जाणारा धनगरी गजा हेही याच कारणाने उपयोगी पडतात.

खरा विचार करावा लागतो तो लोकनृत्य अंगणातून रंगमंचावर नेताना. आपली बहुतेक लोकनृत्ये प्रेक्षकांसाठी घडलेलीच नाहीत. पालघर जिल्ह्यातील वारली समाजाचे तारपा नृत्य मध्यभागी तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणाऱ्याभोवती फिरते. फुगडी दोघींच्या किंवा चौघींच्या परस्पर तोलावर उभी असते. गोव्यातला धालो पौष महिन्याच्या रात्री मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या अंगणात, होतो आणि त्यात स्त्रिया समोरासमोर दोन रांगा धरून गातात. ही रचना जशीच्या तशी तीन बाजूंनी बंद असलेल्या रंगमंचावर ठेवली, तर वर्तुळातल्या निम्म्या मुलांची पाठ प्रेक्षकांकडे येते आणि समोरासमोरच्या रांगांतली पुढची रांग मागचीला झाकून टाकते. यावर सोपा उपाय म्हणून सर्वांना प्रेक्षकांकडे तोंड करून सरळ रेषेत उभे केले जाते आणि नृत्याचा प्राणच जातो, कारण धालोतल्या बाया एकमेकींकडे पाहून गातात, प्रेक्षकांकडे पाहून नव्हे.

हा पेच शिक्षकांनी सोडवून देऊ नये, तो मुलांपुढे ठेवावा. आलेखकागदावर एक चौकोन म्हणजे एक फूट असे धरून रंगमंचाचा नकाशा काढायला सांगावा, त्यावर प्रत्येक नर्तकासाठी एक बटण ठेवावे आणि रचना हलवून पाहाव्यात. बहुतेक गट थोड्या वेळात काही उत्तरे शोधून काढतात: समोरासमोरच्या रांगा रंगमंचावर तिरप्या धराव्यात, म्हणजे दोन्हींकडचे चेहरे दिसतात, वर्तुळ पुढच्या बाजूने उघडून घोड्याच्या नालेच्या आकाराचे करावे, किंवा मागच्या अर्ध्या भागाला एक फूट उंचीच्या लेव्हलवर, म्हणजे चौथऱ्यावर, चढवावे. तारपा नृत्यासाठी एका गटाने वर्तुळ बंदच ठेवले होते, मात्र त्याची गती इतकी सावकाश ठेवली, की पाठ आणि चेहरा दोन्ही आळीपाळीने दिसत राहिले, आणि ते उत्तर आमच्या सर्व उत्तरांपेक्षा सरस होते. आपल्या गावात ते नृत्य जाणणारी माणसे असतील, तर त्यांना आधी बोलवावे, त्यांच्याकडून शिकावे आणि बदल कोणता चालेल हेही त्यांनाच विचारावे. गोंधळ हा अनेक घरांतला कुलाचार आहे, तो केवळ संबळाच्या ठेक्यावरचा नाच नव्हे, हे मुलांना सादरीकरणापूर्वी ठाऊक असले पाहिजे.

जागेचा हिशोबही याच नकाशावर होतो. शाळेचा रंगमंच 30 फूट रुंद आणि 20 फूट खोल असेल, तर एकूण 600 चौरस फूट मिळतात. त्यावर 24 मुले उभी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच फूट लांबी-रुंदीचा चौकोन येतो, जो हात पसरून लेझीम खेळण्यास अपुरा आहे. 16 मुलांना सहा फुटांचा चौकोन मिळतो आणि नृत्य श्वास घेऊ लागते. 'सगळ्यांना घ्या' असा पालकांचा आग्रह असतो, तेव्हा हा नकाशा दाखवावा आणि उरलेल्या मुलांसाठी दुसरे नृत्य बसवावे.

लावणीबद्दल दोन शब्द. तिला शाळेतून हद्दपार करण्याचे कारण नाही, पण चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडी कोणते शब्द द्यावयाचे याचा विचार मोठ्यांनी आधी करावा. शास्त्रीय नृत्य मात्र 20 आठवड्यांत 'करून दाखवण्याचा' मोह टाळावा. ज्या मुली बाहेर कथक किंवा भरतनाट्यम शिकतात, त्यांना वर्गात ततकार (कथकमधले मूळ पदन्यास) किंवा अडवू (भरतनाट्यममधल्या मूळ हालचाली) दाखवायला सांगावे, इतकेच. अशा मुलींच्या पालकांना हेही सांगावे, की मान्यताप्राप्त संस्थांच्या शास्त्रीय नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुणांची सवलत मिळू शकते आणि तिचा प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो. त्या वर्षीच्या अटी व मुदत शाळेच्या कार्यालयात वेळेवर पाहून घ्यावी.

पडद्यामागचा अभ्यास

निर्मितीच्या गटाला पहिल्या तासाला रंगमंचाची भाषा द्यावी. रंगमंचाची उजवी आणि डावी बाजू नटाच्या उजव्या-डाव्या हातावरून ठरते, प्रेक्षकांच्या नव्हे. मागची बाजू म्हणजे अपस्टेज आणि प्रेक्षकांजवळची डाउनस्टेज. मैदानात खडूने नऊ चौकोन आखून 'डाउन लेफ्ट', 'अप सेंटर' अशा आज्ञांवर मुलांना पळवले, की हा धडा पाच मिनिटांत पक्का होतो. विंग (रंगमंचाच्या कडेची आडोशाची जागा), झालर (वरचा आडवा पडदा), मागचा पडदा, लेव्हल आणि प्रॉपर्टी (प्रयोगात वापरायच्या वस्तू) हे शब्द त्यानंतर प्रत्यक्ष वस्तू दाखवूनच द्यावेत.

प्रकाशाचा धडा विजेपासून सुरू करावा. 1000 वॉटचा हॅलोजन दिवा 230 व्होल्टवर सुमारे 4.3 अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे 16 अँपिअरच्या एका सॉकेटवर असे तीनच दिवे चालतात, चौथा लावताच मर्यादा ओलांडली जाते, आणि घरगुती सहा अँपिअरच्या बोर्डावर तर दुसरा दिवादेखील चालत नाही. हे गणित मुलांनी स्वतः मांडावे आणि मंडपवाल्याने आणलेल्या दिव्यांची बेरीज त्यांनीच करावी. जोडणी मात्र जाणत्या वायरमननेच करावी. मुलांनी दिवे फिरवणे, दिव्यापुढचा रंगीत जिलेटिन कागद बदलणे आणि प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर चालवणे एवढेच करावे. तापलेल्या हॅलोजनला सुती हातमोजे घातल्याशिवाय हात लावू देऊ नये. एलईडी पार (रंगमंचावर वापरायचे एलईडी दिवे) मिळत असतील तर तेच घ्यावेत, कारण ते वीज कमी घेतात आणि फारसे तापतही नाहीत.

नाटकात चेहरा दिसणे महत्त्वाचे असते, म्हणून समोरून दोन बाजूंनी, साधारण 45 अंशांत दिवे लावतात. नृत्यात संपूर्ण शरीराचा आकार दिसावा लागतो, आणि तो विंगांमधून येणाऱ्या आडव्या प्रकाशाने उठून दिसतो. चार दिवे असतील, तर दोन समोर आणि दोन विंगांत ठेवावेत. रंगीत प्रकाश वापरण्यापूर्वी प्रत्येक पोशाखाचा तुकडा त्या प्रकाशात धरून पाहावा. हिरवी नऊवारी लाल प्रकाशात जवळजवळ काळी दिसते, आणि हे कार्यक्रमाच्या दिवशी कळले तर काहीच करता येत नाही.

ध्वनीत सर्वाधिक चुका होतात त्या नर्तकांना गाणे नीट ऐकू न आल्यामुळे. भोंग्यांची तोंडे प्रेक्षकांकडे असतात, त्यामुळे रंगमंचावर मूळ आवाज कमी आणि समोरच्या भिंतीवरून परतलेला आवाज जास्त येतो. सभागृह 17 मीटर खोल असेल, तर तो आवाज जाऊन परत येईपर्यंत सुमारे एकदशांश सेकंद जातो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत हा एकपंचमांश मात्रेचा उशीर होतो, आणि 'मागची रांग नेहमी मागेच पडते' या तक्रारीचे कारण पुष्कळदा येथेच सापडते. दोन लहान भोंगे विंगांमध्ये नर्तकांकडे तोंड करून ठेवावेत. गाण्यांच्या फायलींना कार्यक्रमातला क्रमांक द्यावा, त्या दोन वेगळ्या साधनांवर ठेवाव्यात, आणि मोबाइलवरून वाजवणार असाल तर तो विमान-स्थितीत ठेवावा. ऐन नृत्यात कोणाच्या तरी मामांचा फोन येतोच.

गाण्यांच्या हक्कांबाबत शिक्षकांच्या मनात धास्ती असते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमांना सूट आहे, मात्र ध्वनिमुद्रित गाणे वाजवताना प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि त्या उपक्रमाशी संबंधित व्यक्ती एवढेच असावेत, अशी तिची मर्यादा आहे. तिकीट लावून सर्वांसाठी खुला केलेला कार्यक्रम किंवा आंतरजालावर चढवलेली चित्रफीत या मर्यादेत बसते असे धरून चालू नये. कार्यक्रम उघड्या मैदानात असेल, तर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, हे वेळापत्रक आखतानाच ध्यानात घ्यावे आणि शेवटचा कार्यक्रम साडेनऊला संपेल असे पाहावे.

वेशभूषेच्या गटाने प्रत्येक नर्तकाचे माप, पोशाख, दागिने आणि पिनांची संख्या एका तक्त्यावर लिहावी. शिवलेली नऊवारी शाळेसाठी सोयीची असते, पण तीही किमान दोन तालमींत नेसून नाचावे, कारण पावलाची लांबी पोशाखाने बदलते. घुंगरू घट्ट दोरीत ओवलेले असावेत. अनवाणी पायांखाली आलेला एक सुटा घुंगरू नर्तकाला आडवा करू शकतो. मुलामुलींसाठी कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या ठेवाव्यात, मुलींच्या खोलीची जबाबदारी शिक्षिकांकडे असावी, दोन्ही खोल्यांत मोबाइल नेऊ देऊ नये, आणि बाहेरचा कोणताही माणूस, मग तो रंगभूषाकार का असेना, तेथे मुलांसोबत एकटा राहू नये. रंगभूषा आदल्या आठवड्यात हातावर लावून पाहावी, काजळाची कांडी एकमेकींत फिरवू नये, आणि मुलांचा रंग दोन छटांनी उजळ करण्याची जुनी खोड सोडून द्यावी.

क्यू-वही आणि तालमी

या सर्व गटांना बांधणारी गोष्ट म्हणजे क्यू-वही. क्यू म्हणजे बदल करण्याची खूण. वहीत प्रत्येक बदलाला एक क्रमांक असतो आणि त्यापुढे तो कोणत्या खुणेवर करावयाचा, प्रकाश काय, ध्वनी काय, पडदा व नेपथ्य काय, हे लिहिलेले असते. खूण कधीही 'थोड्या वेळाने' अशी नसावी. 'दुसऱ्या आवर्तनाची सम', 'शेवटची जोडी विंगेत गेल्यावर' अशी डोळ्यांना किंवा कानांना पकडता येणारी असावी. रंगमंच-व्यवस्थापक म्हणून नेमलेला विद्यार्थी 'सात तयार' म्हणेल, तेव्हा संबंधित मुलगा हात डिमरवर ठेवील, आणि 'सात, जा' म्हटल्यावरच तो हलवील.

त्या व्यवस्थापकाचा शब्द अंतिम असतो, शिक्षकांसाठीही. एका वर्षी धालो सुरू असताना एक पाट घसरलेला मला दिसला, आणि मी विंगेतून मोठ्याने 'अरे, जा, जा' म्हणून ओरडलो. मला पाट उचलायला कोणीतरी जावे असे म्हणायचे होते. दिव्यावरच्या मुलाने 'जा' ऐकले आणि प्रामाणिकपणे सगळा रंगमंच अंधारात नेला. मुली अंधारातही गात राहिल्या, म्हणून निभावले. तेव्हापासून प्रयोगाच्या वेळी मी प्रेक्षकांत बसतो, आणि हा नियम करणाऱ्याला तो पाळणे सर्वांत जड जाते.

तालमी तीन प्रकारच्या असतात आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत. नेहमीच्या तालमीत नृत्य घडते. तांत्रिक तालमीत नर्तक केवळ जागा दाखवतात आणि एका क्यूवरून दुसऱ्या क्यूवर उड्या मारत दिवे, ध्वनी व नेपथ्य पक्के केले जाते. तिला कार्यक्रमाच्या तिप्पट वेळ लागतो आणि नर्तक कंटाळतात, हे आधीच सांगून ठेवावे. रंगीत तालीम मात्र पूर्ण पोशाखात, न थांबता, चुका तशाच ठेवून पार पाडावी. अनेक शाळा तांत्रिक तालीम गाळून थेट रंगीत तालीम घेतात, आणि मग ती दर दोन मिनिटांनी थांबते. मंडपवाला दिवे एकच दिवस आधी देत असेल, तर आणखी एका दिवसाचे भाडे द्यावे. फुलांच्या कमानीवरचा खर्च कमी करून ते सहज निघते.

प्रयोगाच्या दिवशी मुले दोन तास आधी यावीत. व्यवस्थापकाने रंगमंच झाडून घ्यावा, टाचण्या आणि खिळे वेचावेत, प्रॉपर्टीच्या टेबलावर आखलेल्या चौकोनांत प्रत्येक वस्तू आहे का ते तपासावे. अंधारात जागा सापडावी म्हणून लावलेल्या पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा पुन्हा दाबून घ्याव्यात. रंगदेवतेला नमस्कार करून नारळ वाढवण्याची प्रथा असेल, तर तो विंगेबाहेर वाढवावा, कारण सांडलेल्या पाण्यावर पहिलाच नर्तक घसरतो. पहिली घंटा, दुसरी घंटा आणि तिसरी घंटा विद्यार्थ्यानेच द्यावी. तिसरी घंटा प्रमुख पाहुण्यांसाठी थांबवायची की नाही, हे मुख्याध्यापकांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवावे.

पडदा पडल्यावर पाहुण्यांसोबतच्या छायाचित्रांआधी पोशाख मोजून घड्या घालाव्यात, तारा गुंडाळाव्यात आणि रंगमंच होता तसा करून द्यावा. पुढच्या जोडतासिकेला सर्वांनी क्यू-वही उघडून बसावे आणि जेथे क्यू चुकला, तेथे लाल शाईने कारण लिहावे. ही वही शाळेच्या ग्रंथालयात जमा करावी. पुढच्या जूनमध्ये आठवीचे नवे व्यवस्थापक येतील, तेव्हा त्यांच्या हाती पहिल्या तासाला तीच द्यावी.